मे महिन्यातली थंडी

मे महिन्यात देगलूरच्या बाजारात दुपारी कुणीही भेटलं, तरी पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "लई उकडतंय." पारा 42-43 अंशांच्या आसपास असतो, रस्ते ओस पडलेले असतात आणि या वाक्याशी असहमत होणारा माणूस सापडत नाही. या क्रियापदाला कर्ताही लागत नाही. 'पाऊस पडतोय' यात निदान पाऊस तरी आहे. 'उकडतंय' यात कुणीच नाही. ते कुणा एकाचं नसतं, म्हणून सगळ्यांचं असतं. 'थंडी वाजतेय' हे वाक्य मात्र असं एकटं उभं राहत नाही. 'कुणाला?' हा प्रश्न लगेच येतो आणि 'मला' असं म्हणावं लागतं. मे महिन्यात ज्या माणसाला हे 'मला' म्हणावं लागतं, तो अख्ख्या गावाच्या विरोधात एकट्यानं साक्ष देत असतो.

असे लोक आपल्या वाटतात त्यापेक्षा जवळ असतात. थायरॉइड ग्रंथी मंदावली की शरीराची उष्णता तयार करण्याची गतीच कमी होते. रक्तात लोह कमी असेल, तर शरीराला ऊब टिकवून धरणं जड जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. त्या सगळ्यांनाच थंडी वाजते असं नाही, पण ज्यांना वाजते त्यांची थंडी कुठून येते, ते यातून कळतं. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्त तयार करायला सांगणारं संप्रेरक कमी पडतं. शिवाय डायलिसिसच्या वेळी चार-चार तास रक्त नळ्यांमधून शरीराबाहेर फिरतं. मधुमेहानं नसा खराब झालेल्या माणसाला पाय बर्फासारखे वाटतात, आणि घरातलं कुणी हात लावून बघतं तर ते चांगले गरम असतात. रक्तदाबाच्या आणि हृदयविकाराच्या काही गोळ्यांनीही हातपाय गार पडतात.

हे सगळं डॉक्टर सांगू शकतात. तरीही घरात ऐकू येणारं वाक्य वेगळंच असतं : "उन्हाळ्यात कुणाला हिव वाजतं का माय?" प्रश्न वैद्यकाचा असता तर एवढ्या माहितीवर मिटला असता. तो पुराव्याचा आहे. माझ्या आत जे घडतंय, ते तुला दिसत नाही, तुला तर उलटंच जाणवतंय. मग तू माझं का ऐकावंस?

एका आजारात ही अडचण येत नाही. मलेरियाला मराठीत 'हिवताप' म्हणतात. हिव म्हणजे थंडी आणि ताप म्हणजे उष्णता. एकाच वेळी एकाच शरीरात दोन्ही असू शकतात, हे या शब्दानं मान्य करून टाकलंय. देगलूरहून थोडं पुढं गेलं की तेलुगू सुरू होते, दुसऱ्या बाजूला कन्नड. तेलुगूत हाच आजार 'चलिज्वरम', कन्नडमध्ये 'चळिज्वर'. तिन्ही भाषांनी तापाचं नाव ठेवताना रुग्णाला काय वाटतं, तेच आधी ऐकलं. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादला रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात मलेरियाचे परजीवी दिसले. देगलूर तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होतं. रॉसच्या सूक्ष्मदर्शकाच्या कितीतरी आधीपासून या भागातल्या माणसांना ठाऊक होतं की भर उन्हात माणूस वाकळीखाली कुडकुडू शकतो, आणि तो नाटक करत नसतो.

हिवतापावर विश्वास का बसतो? दात वाजतात, खाट हलते, तापमापी 104 दाखवते. शिवाय तो काही दिवसांत जातो. जुनाट आजारातली थंडी यातलं काहीच करत नाही. ती दाखवता येत नाही आणि संपतही नाही. गोळी सुरू झाल्यावर थायरॉइडचा रिपोर्ट नॉर्मल येतो, तरी काहींची थंडी मागं उरतेच. मग तोच कागद त्या माणसाच्या विरोधात साक्षीदार होतो : "बघ, सगळं नॉर्मल आहे."

इथं थोडं थांबून 'थंडी' म्हणजे नेमकं काय, ते पाहायला हवं. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञानं सतराव्या शतकात एक साधा दाखला दिला होता. तो घरी करून बघता येतो. एक हात गार पाण्यात ठेवा, दुसरा गरम पाण्यात. थोड्या वेळानं दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात घाला. एका हाताला ते पाणी गरम लागतं, दुसऱ्याला गार. पाणी तर एकच आहे. कोणता हात खोटं बोलतोय? कोणताच नाही. अलीकडच्या विज्ञानानं हेच आणखी खोलात जाऊन दाखवलं. तापमानाची जाणीव करून देणारे चेतातंतूंवरचे ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल मिळालं (स्पर्शाच्या ग्राहकांसाठी आर्डेम पॅटापुटियन यांच्याबरोबर विभागून). मिरची ज्या ग्राहकाला चेतवते तोच उष्णतेनंही चेततो. पुदिन्यातलं मेन्थॉल ज्याला चेतवतं तोच गारव्यानं चेततो. म्हणून ठेचा 'पोळतो' आणि बाम 'गार' लागतो, तापमापीत मात्र काहीच बदलत नाही. तापमापी हवेचं सांगते. थंडी वाजणं ही हवेची बातमी नसून शरीराची आहे. त्यामुळे 43 अंश हा आकडा 'मला थंडी वाजतेय' या वाक्याला खोटं ठरवू शकत नाही. ती दोन वाक्यं दोन वेगळ्या गोष्टींबद्दल आहेत.

मग दुसऱ्याच्या थंडीची खात्री कशी करायची? भारतीय न्यायदर्शनानं खरं ज्ञान मिळवण्याचे चार मार्ग मानले : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. दुसऱ्याची थंडी मला प्रत्यक्ष जाणवत नाही. अनुमान करायला गेलो तर उलटं निघतं, कारण मला घाम येतोय. स्वतःशी तुलना करूनही उपयोग नाही. उरतो तो शब्द, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. अशा माणसाला नैयायिकांनी नाव दिलं 'आप्त'. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनानं आप्त कोण, ते सांगून ठेवलंय : ज्यानं ती गोष्ट स्वतः अनुभवली आहे आणि जशी अनुभवली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. त्याला विद्वत्ता लागत नाही, कुळ लागत नाही. ऋषी असो, आर्य असो की म्लेंच्छ, ही व्याख्या सगळ्यांना सारखीच लागू होते, असंही तो म्हणतो.

या व्याख्येत, वाकळ पांघरून बसलेली आजारी बाई चपखल बसते. तिच्या थंडीबद्दल प्रत्यक्ष अनुभव असलेली ती जगातली एकमेव व्यक्ती आहे. मराठीत 'आप्त' या शब्दाचा रोजचा अर्थ मात्र नातेवाईक असा झाला. ज्यांना आपण आप्त म्हणतो, त्यांचा शब्द आपण सगळ्यात कमी धरतो, ही आपल्या घरांमधली विचित्र गोष्ट आहे. अनोळखी माणसानं बसमध्ये "जरा खिडकी लावता का, थंडी वाजतेय" म्हटलं तर आपण काही न विचारता लावतो. बायकोनं म्हटलं तर कारण विचारतो.

यावर एक रास्त शंका येते. आजारी माणूस म्हणेल ते सगळंच खरं मानायचं का? नाही. 'मला थंडी वाजतेय' आणि 'मला पंख्याच्या वाऱ्यानं आजार झाला' ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्याबद्दल अधिकार त्या माणसाचा. दुसऱ्याबद्दल म्हणजे कारणाबद्दल अधिकार रक्ततपासणीचा आणि डॉक्टरांचा. नेमकी गल्लत अशी होते की घरचे पहिल्यावर शंका घेतात आणि दुसऱ्यावर सहज विश्वास ठेवतात. "वारं लागलं असेल" म्हणून विषय मिटतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासायचं राहून जातं.

खरं सांगायचं, तर अविश्वासाचं मूळ तर्कात क्वचितच असतं. ते पंख्यात असतं. दोन खोल्यांचं घर, एक पंखा, एक रेग्युलेटर. एकाला पाचवर हवा, एकाला बंद. तिची थंडी खरी मानली तर काहीतरी करावं लागेल : उठावं लागेल, खाट हलवावी लागेल, घामात झोपावं लागेल. थंडी खोटी ठरवली की यातलं काहीच करावं लागत नाही. भांडण मिटवायचा हा सगळ्यात स्वस्त मार्ग. किंमत मोजावी लागू नये म्हणून आपण समोरच्याचा अनुभवच रद्द करून टाकतो. नैतिक चूक इथं आहे, पंखा चालू ठेवण्यात नाही.

कारण पंखा चालू ठेवणं कित्येकदा बरोबरच असतं. 43 अंशांत घरातल्या तान्ह्या बाळाला किंवा म्हाताऱ्या माणसाला उष्माघात होऊ शकतो. त्या हवेत थंडी वाजणाऱ्याला त्रास होतो, पण सहसा गारठ्यानं जीवाला धोका नसतो. आजारी माणसालाही हे समजतं. "तुला थंडी वाजते हे खरं आहे, पण बाळाला घामोळं आलंय, काय करू या?" असं म्हणणं आणि "थंडीबिंडी काही नाही" असं म्हणणं यात रेग्युलेटर दोन्ही वेळा एकाच आकड्यावर राहू शकतो. पहिल्या वाक्यात मागणी नाकारली जाते. दुसऱ्यात माणूस नाकारला जातो. आणि पहिलं वाक्य बोललं गेलं की रस्तेही सापडतात. खाट पंख्याच्या झोतातून बाजूला सरकते. टेबलफॅनचं तोंड वळतं. ज्यांना उकडतंय ते रात्री माळवदावर किंवा गच्चीवर झोपतात. पायांत मोजे येतात. मधुमेह असेल तर गरम पाण्याची पिशवी टाळली जाते, कारण बधिर पायाला चटका कळत नाही.

सोसण्याचा सल्लाही आपल्याकडे फार जुना आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात थंडी आणि उष्णता सहन करायला सांगितलंय, आणि त्याचं एक कारणही दिलंय : ती येतात आणि जातात. जी थंडी जातच नाही, तिच्याबाबतीत हे कारण लागू पडत नाही. दोन दिवसांच्या तापात धीर धरणं आणि आयुष्यभर स्वेटर घालून हसू झेलणं ही एकाच जातीची सहनशीलता नाही. दुसरी एकट्यानं निभत नाही. त्यासाठी आजूबाजूला कुणीतरी लागतं, ज्याला रोज नव्यानं पटवून द्यावं लागत नाही.

देगलूर-नांदेडची कित्येक मुलंमुली शिकायला, नोकरीला पुण्या-हैदराबादला जातात आणि हाच प्रश्न एसीच्या रिमोटवर येऊन थांबतो. 2015 मध्ये किंग्मा आणि फान मार्कन लिख्टनबेल्ट या संशोधकांनी दाखवून दिलं की कार्यालयांतलं तापमान ठरवण्याचं जुनं सूत्र पुरुषाच्या शरीरावर बेतलेलं आहे आणि स्त्रियांचं शरीर त्या अंदाजापेक्षा कमी उष्णता निर्माण करतं. म्हणजे ज्याला 'नॉर्मल' म्हणतात, तेही कुणाच्या तरी अंगावर मापून घेतलेलं असतं. हॉस्टेलवर "ही जरा जास्तच करते" असं जिच्याबद्दल म्हटलं जातं, ती कदाचित फक्त वेगळ्या मापाची असते.

या सगळ्यात सर्वांत मोठं नुकसान उशिरा दिसतं. ज्याचं ऐकलं जात नाही, तो हळूहळू बोलणं बंद करतो. घरच्यांना वाटतं, बरं झालं, सवय झाली. पण डायलिसिसवरच्या माणसाला एखाद्या दिवशी अचानक हुडहुडी भरते, आणि ती नळीतून रक्तात शिरलेल्या जंतुसंसर्गाची खूण असू शकते. ती तातडीनं सांगायची गोष्ट असते. त्या दिवशीही त्याच्याकडे शब्द तोच असतो : थंडी वाजतेय. वर्षभर ज्या वाक्यावर घर हसलं, ते वाक्य त्या दिवशी तो उच्चारेल का? आणि उच्चारलं, तर कुणी मान वर करून बघेल का?

म्हणून उत्तर देताना एवढं तरी करता येतं. "उन्हाळ्यात कसली थंडी?" याऐवजी विचारायचं : "रोजच्यासारखीच वाजतेय, की आज वेगळी आहे?" या प्रश्नाला पैसे लागत नाहीत, पंखाही बंद करावा लागत नाही. तिची रोजची थंडी आपण मानली आहे, हे त्यात आपोआप येतं. आणि आजची वेगळी असेल, तर ते वेळेवर कळतं.