माघारी जाण्याची मुभा

गेल्या हिवाळ्यात दुबई मरीनातील एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये आम्हां भावंडांची आठ दिवस गाठ पडली. ठाण्याहून आम्ही, अश्दोदहून थोरली ताई व तिचा मुलगा. २०२० च्या करारानंतर विमाने सुरू झाली, तेव्हापासून दोन देशांत विभागलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांना ही मधली जागा सोयीची झाली आहे. भाचा राखीव दलात आहे. ऑक्टोबर २०२३ नंतर त्याला दोनदा बोलावणे आले होते. तिसरे येणार हे सर्वांना ठाऊक होते. बोलत कोणी नव्हते.

एका रात्री त्याने 'स्टॉप-लॉस' हा किंबर्ली पियर्स यांचा २००८ सालचा चित्रपट लावला. टेक्सासचा सार्जंट ब्रँडन किंग इराकमधून मुदत संपवून घरी येतो. आता सुटका, असे तो धरून चालतो. तोच पुन्हा इराकला जाण्याचा हुकूम हाती पडतो. करार संपला तरी शिपायाला पलटणीत अडकवून ठेवण्याचा जो नियम अमेरिकन सैन्यात होता, त्याचेच नाव चित्रपटाला दिले आहे. ब्रँडन नकार देतो आणि पळतो.

"पळपुटा मेला!" ताई म्हणाली. आमच्या घरात पणजोबांचा सुभेदारी पोशाखातला फोटो आहे. तेव्हा तिचे बोलणे समजण्यासारखे होते.

पण रायन फिलिपने हा ब्रँडन असा उभा केला आहे की तो शब्द त्याला चिकटत नाही. हुकूम ऐकून तो संतापतो खरा, परंतु संतापाखाली दिलेला शब्द मोडला गेल्याचा अचंबा दिसतो. इस्पितळात आंधळ्या, जायबंदी रिकोशी तो ज्या हळुवारपणे बोलतो, त्याच हळुवारपणातून त्याचा नकार आला आहे हे आपल्याला पटते. माणसे सांभाळण्याची जबाबदारी त्याने मनावर घेतली, म्हणून तो पुन्हा माणसे घेऊन जाऊ शकत नाही. चॅनिंग टेटमचा स्टीव्ह दारूच्या नशेत अंगणातच खंदक खणतो. जोसेफ गॉर्डन-लेव्हिटचा टॉमी तर घरी येऊनही घरी पोहोचतच नाही. त्याच्या हसण्याचीच आम्हांला भीती वाटली. (टेक्सासी बोली मात्र निम्मी डोक्यावरून गेली.)

चित्रपट संपल्यावर आम्ही ताईला अनुवादाच्या विसाव्या अध्यायाची आठवण दिली. नवे घर बांधलेला, द्राक्षमळा लावलेला, वाग्दान झालेला आणि भित्र्या मनाचा, या सर्वांना लढाईपूर्वी घरी जाण्याची मुभा आहे. रब्बी योसे गलीली यांचा यावरील विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो: पहिल्या तीन सवलती चौथ्याला झाकण्यासाठी आहेत. रांगेतून निघणारा माणूस घरासाठी जातो की भीतीने, हे कोणालाच कळू नये. शास्त्राने भित्र्याचीही अब्रू राखली.

"पण आज्ञेच्या युद्धात नवरदेवालासुद्धा जावे लागते, हेही शास्त्रच सांगते," ताई म्हणाली. तेही खरेच. मिश्नात तसे आहे. मात्र एकदा, दोनदा जाऊन आलेल्याचे काय, हे आम्हांला त्या अध्यायात सापडले नाही. ब्रँडन शेवटी सीमेवरून फिरतो आणि साथीदारांबरोबर बसमध्ये बसतो. फिलिपच्या चेहऱ्यावर तेव्हा शौर्य नाही, शरमही नाही.

"मामा, बसमध्ये असेच असते," भाचा म्हणाला. "कोणी कोणाकडे बघत नाही."

ताईने चहा ठेवला. तिने त्यानंतर तो शब्द उच्चारला नाही. खाली कालव्यातून दिव्यांची बोट चालली होती. भाच्याचा मोबाइल टेबलावर उपडा ठेवलेला होता, तो आम्ही कोणीच सरळ केला नाही.