संज्ञांची कुळकथा

परवा संध्याकाळी माझी पुतणी सहामाही परीक्षेसाठी इतिहास-भूगोलाच्या व्याख्या पाठ करीत बसली होती. वहीच्या डाव्या रकान्यातील शब्द मी उच्चारावा आणि उजव्या रकान्यातील अर्थ तिने घडाघडा म्हणावा, असा आमचा क्रम चालला होता. ‘मेसोपोटेमिया’ म्हणताच ‘दोन नद्यांमधील प्रदेश’ असे उत्तर आले. ‘सुपीक चंद्रकोर’, ‘रेशीम मार्ग’, ‘मध्यपूर्व’, ‘मान्सून’ हेही शब्द त्याच वेगाने हजेरी लावून गेले. मग पुष्कळ पाने मागे जाऊन मी विचारले, “आणि दुआब म्हणजे काय गं?” “दोन नद्यांमधील प्रदेश,” ती म्हणाली, थोडी थांबली, आणि मग वहीतून मान वर करून तिने विचारले, “काका, म्हणजे हे दोन्ही शब्द एकच का?”

तिच्या प्रश्नाला मी तेव्हा दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून हा लेखनप्रपंच. अर्थाने ते शब्द एकच आहेत. परंतु शब्दाचा अर्थ आणि शब्दाचा कर्ता या दोन भिन्न गोष्टी असून, आपल्या पाठ्यपुस्तकांनी पहिलीचा आग्रह धरताना दुसरीचा पूर्ण विसर पाडला आहे. तैग्रिस आणि युफ्रेटिस यांच्या काठी ज्यांनी मातीच्या पाटीवर पहिली अक्षरे उमटविली, ते सुमेरी लोक आपल्या देशाला केंगिर म्हणत. ‘मेसोपोटेमिया’ हा शब्द ग्रीकांचा. तो अलेक्झांडरच्या स्वारीनंतर रूढ झाला, प्रारंभी त्या भूमीच्या उत्तर भागापुरताच होता, आणि तो रूढ होईपर्यंत उरसारखी प्राचीन नगरे ओसाड होत आली होती. स्वारीवर आलेल्या परक्याला प्रथम दिसतात त्या ओलांडावयाच्या नद्या, आणि त्याने ठेवलेल्या नावातही नद्याच आहेत.

‘दुआब’ हा फार्सी शब्द निराळ्या दृष्टीने पाहतो. ‘ऐन-इ-अकबरी’त लाहोर सुभ्याचा जमाबंदीचा हिशेब दुआबवार लावलेला आहे, बियास आणि रावी यांची आद्याक्षरे जोडून बारी, रावी आणि चिनाब यांची जोडून रचना, अशी त्या दुआबांची नावेच मुळी कचेरीत घडविल्यासारखी आहेत. नदीच्या पाण्याने जमीन किती भिजते, तीत काय पिकते आणि त्यातून सरकारात किती येते, हे पाहणाऱ्या डोळ्यांचा तो शब्द आहे. आणि गंगा-यमुनांमधील तशाच भूमीला आपल्या पूर्वजांनी तिसरे नाव दिले होते: अंतर्वेदी. यज्ञवेदीच्या आत असते तशी ती दोन नद्यांच्या आत असलेली पवित्र जागा. हे नाव केवळ भाविकांचे राहिले असेही नाही. स्कंदगुप्ताच्या काळच्या इ. स. 465 च्या ताम्रपटात अंतर्वेदी हा एक विषय, म्हणजे जिल्हा, म्हणून येतो. आणि 1760 साली पानिपतच्या मोहिमेत गोविंदपंत बुंदेले ज्या मुलखातून रसद आणि वसूल जमविण्याची शिकस्त करीत होते, त्याला मराठी पत्रे ‘अंतर्वेद’ असेच म्हणतात. भूमीची घडण एक. पण शिपाई, कारकून आणि याज्ञिक अशा तिघांनी तिच्याकडे तीन ठिकाणी उभे राहून पाहिले, आणि त्या तीन जागा तीन शब्दांत आजही शाबूत आहेत.

हे एकदा ध्यानात आले म्हणजे आशियाविषयीची आपली सगळी परिभाषा निराळी दिसू लागते. खुद्द ‘आशिया’ हे नाव ग्रीकांनी आपल्या पूर्वेच्या शेजाराला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम भागाला दिलेले होते; रोमचा आशिया प्रांतही तेवढाच होता. तेच नाव पसरत पसरत जपानपर्यंत गेले. युरोपची आणि त्याची सीमा पुष्कळ शतके डॉन नदीवर मानली जात असे. ती उरल पर्वतावर नेण्याची सूचना 1730 साली ग्रंथरूपाने मांडली ती योहान फॉन श्ट्रालेनबर्ग या स्वीडिश अधिकाऱ्याने, जो रशियाचा युद्धकैदी म्हणून सैबेरियात वर्षानुवर्षे राहिला होता. ‘मध्यपूर्व’ ही संज्ञा रूढ केली अमेरिकन आरमारी लेखक आल्फ्रेड महान याने, 1902 साली, इराणच्या आखातावर ब्रिटिश आरमाराचा दाब कसा राहील याची चर्चा करताना. ती पूर्व लंडनहून मोजलेली आहे. चौलच्या किंवा रत्नागिरीच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या मनुष्याला अरबस्तान पश्चिमेस आहे, आणि आपल्या सरकारने ‘पश्चिम आशिया’ हा शब्द स्वीकारला तो याच न्यायाने. तरीही आपली वृत्तपत्रे ‘मध्यपूर्वेतील तणाव’ लिहितात तेव्हा सूर्य कोणत्या दिशेस मावळतो याचा त्यांना विसर पडलेला असतो. कोकणातील ज्या कुटुंबांची मुले तिकडे चाकरीस आहेत, ती मात्र सरळ ‘आखातात असतो’ म्हणतात. आणि तो शब्द नकाशावर कोठूनही पाहिला तरी खोटा ठरत नाही.

‘रेशीम मार्ग’ या संज्ञेपाशी थोडे अधिक थांबले पाहिजे, कारण तिने आपल्या स्वतःच्या इतिहासावरच पडदा ओढला आहे. हा शब्द प्रचारात आणला तो फर्डिनांड फॉन रिश्टहोफेन या जर्मन भूगोलवेत्त्याने, 1877 साली. समरकंदचे सोग्दी व्यापारी किंवा तुन्हुआंगच्या विहारांतील भिक्षू यांनी तो कधी ऐकलेला नव्हता. त्या वाटांनी रेशीम गेले हे खरे. पण घोडे गेले, कागद गेला, आणि बुद्धाचे वचनही गेले. शब्द मात्र एका मालाचा, एका मार्गाचा आणि खुष्कीचा. त्यामुळे विद्यार्थ्याच्या मनात वाळवंटातून चाललेला उंटांचा तांडा कायमचा ठसतो आणि समुद्र पुसला जातो.

वस्तुतः इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तहून येणाऱ्या कोणा ग्रीकभाषी व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ या नावाने प्रसिद्ध असलेले जे टिपण लिहून ठेवले आहे, ते उघडून पाहावे. चीनचे रेशीम बॅक्ट्रियावरून खुष्कीने भडोचेस येते आणि तेथे जहाजावर चढते, असे तो सांगतो. भडोचेहून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे, तेथून अकीकासारखे दगड येतात. पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपले तेर, आहे, तेथून जाडेभरडे कापड आणि तलम मलमल येते. आणि हा सगळा माल धड रस्ते नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांवर घालून आणतात, असेही त्याने नोंदविले आहे. सोपारा, कल्याण आणि चौल ही नावे त्याच्या यादीत आहेत. 1938 साली पाँपेईच्या राखेखालून एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती निघाली. ते शहर इ. स. 79 मध्ये गाडले गेले असल्याने मूर्ती त्याआधीची आहे, हे उघड आहे. तिच्या घडणीशी जवळचे नाते सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती तेर आणि भोकरदन येथे मिळालेल्या आहेत. तेरच्या मुलाने रेशीम मार्ग पाठ करावा, आणि आपल्या गावची बाजारपेठ त्याच व्यापाराच्या साखळीतील एक कडी होती हे त्याला कोणी सांगू नये, हे मला दुःखद वाटते.

त्या जहाजांना आणणाऱ्या वाऱ्याचे नावही असेच प्रवास करून आले आहे. अरबी ‘मौसिम’ म्हणजे ठरलेला काळ, हंगाम; दर्यावर्दी मनुष्याच्या तोंडी तो गलबते हाकारण्याचा हंगाम होता. पोर्तुगीजांनी तो उचलला, इंग्रजीत तो मान्सून झाला, आणि आपल्याकडे परतला तेव्हा त्याचा अर्थ पाऊस असा झाला होता. आपला ‘मोसम’ मात्र मूळ अर्थाला धरून राहिला. ज्या महिन्यांना शेतकरी मान्सून म्हणून हात जोडतो, त्याच महिन्यांत कोळी होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतो आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहतो.

भूगोलाच्या संज्ञांनी फार तर दिशा चुकते. अर्थशास्त्राच्या संज्ञांनी माणसांविषयीचा निवाडा चुकतो. मार्क्सने 1853 मध्ये हिंदुस्थानातील स्वयंपूर्ण आणि अचल खेड्यांविषयी लिहिले आणि 1859 मध्ये ‘आशियाई उत्पादनपद्धती’ हा शब्द योजिला. पुढे 1957 साली विटफोगेल या अभ्यासकाने असा सिद्धांत मांडला की मोठ्या पाटबंधाऱ्यांवर जगणाऱ्या समाजांत सर्वंकष राजसत्ता उपजते. या दोन्ही विचारांत तथ्यांश नाही असे मी म्हणणार नाही. पण एक अख्खे खंड एका विशेषणात कोंडले गेले, हा त्यांचा दोष मोठा आहे. त्याला उत्तर दिले ते गोव्यात जन्मलेल्या आणि पुण्याच्या परिसरातील टेकड्या पायांखाली घातलेल्या दामोदर कोसंबी यांनी, तेही मार्क्सची पद्धत मानूनच. 1956 च्या आपल्या ग्रंथात त्यांनी साधा प्रश्न केला: बहुतेक खेड्यांत मीठ पिकत नाही आणि धातूही निघत नाही, मग ती स्वयंपूर्ण कशी? जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावर आजही एक दगडी रांजण उभा आहे. लोक त्याला जकातीचा रांजण म्हणतात. जवळच्या लेण्यात सातवाहन राणीचा शिलालेख आहे, आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. अचल खेड्यांच्या देशाला असा घाट आणि असा हिशेब कशाला लागला असता?

विटफोगेलच्या सिद्धांतालाही घरचा पुरावा विरोधी जातो. धुळे-नाशिककडील फड पद्धतीत बंधारा, पाट आणि चाऱ्या यांची व्यवस्था शेकडो वर्षे गावकऱ्यांनीच पाहिली. कोणत्या फडात या वर्षी कोणते पीक घ्यावयाचे हे बागायतदार एकत्र बसून ठरवीत, आणि पाणी ज्याच्या त्याच्या वावरात पाटकरी पोहोचवी. बाली बेटावरील ‘सुबक’ ही संस्था देवळाच्या आश्रयाने हेच काम करते. पाणी वाटून घेण्यास सुलतान लागत नाही, हे या दोन शब्दांत स्पष्ट आहे. पण आपल्या वहीत विटफोगेलची ‘जलसत्ता’ येते, ‘फड’ येत नाही.

यावरून कोणी असे समजू नये की परक्यांचे शब्द टाकावे आणि आपले तेवढे ठेवावे, असा माझा पक्ष आहे. आपलेही शब्द कोठे तरी उभे राहूनच पाहतात. ‘यवन’ म्हणजे प्रथम ग्रीक, मग पश्चिमेकडून येणारा कोणीही. ‘जकात’ हे मूळचे मुसलमानी धर्मातील दान, आपल्याकडे ते नाक्यावरील कर होऊन बसले. शिवाय ब्रेस्टेड या इतिहासकाराने 1916 साली आपल्या ग्रंथात ‘सुपीक चंद्रकोर’ हा शब्द लोकप्रिय केला नसता, तर नाईलच्या उंबरठ्यापासून इराणच्या आखातापर्यंतची ती हिरवी कमान एका दृष्टिक्षेपात मनात भरली नसती. संज्ञा हे हत्यार आहे. ते कोणी, केव्हा आणि कोणत्या कामासाठी घडविले, हे ठाऊक असले म्हणजे परक्याचे हत्यारही आपल्याला नीट वापरता येते.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि पुस्तके सिद्ध करणाऱ्या मंडळांना माझी कळकळीची विनंती आहे, की व्याख्यांच्या वहीत तिसरा रकाना आखावा: हा शब्द कोणाचा? आमच्या घरी पुतणीने तो त्याच रात्री आखला. ‘रेशीम मार्ग’ याच्यासमोर जर्मन भूगोलवेत्ता, ‘मध्यपूर्व’ याच्यासमोर अमेरिकन आरमारी लेखक, असे ती भरीत गेली. ‘सिंधू संस्कृती’पाशी तिची लेखणी थांबली. 1924 साली जॉन मार्शल यांनी या संस्कृतीचा शोध जगाला जाहीर केला, हे मी सांगितले. पण ते लोक स्वतःला काय म्हणत, असे तिने विचारले. अक्कदचा राजा सारगॉन याच्या लेखात ‘मेलुहा’ची जहाजे त्याच्या धक्क्याला लागल्याचा उल्लेख आहे, आणि मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश असे बहुतेक विद्वान मानतात, पण तेही नाव परक्यांच्या तोंडचेच आहे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात सुमारे चार हजार दोनशे वर्षांपूर्वीची एक लहानशी दंडगोल मुद्रा आहे. तिच्यावर मालकाचे नाव शु-इलिशु असे असून, मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या हा त्याचा हुद्दा कोरलेला आहे. ती भाषा आज कोणालाही वाचता येत नाही.