वळण, संस्कार आणि मूल्य

नैतिक शिक्षणाविषयी मराठीत आज वापरले जाणारे शब्द वेगवेगळ्या काळांतून आलेले आहेत, आणि माणूस चांगला कसा होतो या प्रश्नाचे प्रत्येक शब्दाने दिलेले उत्तरही निराळे आहे. ‘शील’ म्हणजे मुळात स्वभाव किंवा अंगवळणी पडलेले वागणे. बौद्ध परंपरेने त्याला जाणीवपूर्वक स्वीकारलेल्या आचरणाचा अर्थ दिला. ‘चर्’ म्हणजे चालणे, वागणे या धातूपासून ‘चरित्र’ व ‘चारित्र्य’ हे शब्द आले. तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’च्या नावात चक्रधरस्वामींच्या वागण्याबोलण्याची हकिकत अभिप्रेत आहे, तर ‘चारित्र्य’ पुढे इतके आकसले की पोलिसांच्या चारित्र्य पडताळणीत ते गुन्ह्यांच्या नोंदीपुरते उरले आणि स्त्रीच्या बाबतीत केवळ लैंगिक वर्तनाला चिकटले.

‘नी’ म्हणजे नेणे या धातूपासून आलेली ‘नीती’ एकोणिसाव्या शतकात बोधकथांच्या छापील पुस्तकांतून घरोघरी पोहोचली. परंतु जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) या ग्रंथात नीतीच्या ऱ्हासाचे मूळ विद्येच्या अभावात दाखवून, ज्ञानाची दारे बंद ठेवणाऱ्या समाजाला नीतीचा उपदेश करण्याचा अधिकार उरत नाही, हे सूचित केले. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) ‘सदसद्विवेकदेवता’, म्हणजे बरेवाईट सांगणारा आतला आवाज, हा पक्ष तपासला आणि तो आवाज बुद्धीच्या शुद्धतेवर अवलंबून असल्याचे प्रतिपादले.

‘संस्कार’ या शब्दात विधी, मनावर उमटलेला ठसा आणि आयुर्वेदातील द्रव्याचे गुण पालटणारी प्रक्रिया असे तीन अर्थ आहेत. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ने (१९३५) त्याला घरातल्या मायेचा अर्थ जोडला. तरीही संस्कार करणारा दुसरा आणि घेणारे मूल, ही रचना त्या शब्दात कायम राहते, शिवाय ‘संस्कारी घर’ म्हणताना कुळाचा अभिमानही हळूच शिरतो. डॉ. आंबेडकरांनी प्रज्ञा, शील आणि करुणा यांची सांगड घालून, १९५६ मध्ये नागपूरला अनुयायांना पंचशील देताना, शीलाला जन्मापासून सोडवून स्वतःच्या निवडीशी बांधले.

अलीकडे शाळांत रुळलेला ‘मूल्यशिक्षण’ हा शब्द वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, स्त्री-पुरुष समानता अशा सर्वांना मान्य होतील अशा गोष्टी नेमकेपणाने सांगतो, ही त्याची थोरवी आहे. मात्र मूल्य हे नाम आहे, ते यादीत लिहिता येते, पाठ करता येते, पण आचरणात कसे उतरावे हे तो शब्द सांगत नाही. ती उणीव मराठीतील साधा ‘वळण’ हा शब्द भरून काढतो, कारण अक्षराचे वळण आणि वागण्याचे वळण यांना भाषेने एकच शब्द दिला आहे, आणि दोन्ही रोज गिरवल्याशिवाय येत नाहीत. म्हणून मूल्यांची निवड विवेकाने करावी आणि ती अंगी आणण्यासाठी वळणाचा मार्ग धरावा. या दोहोंपैकी एक सुटले तर उरते ती निव्वळ घोकंपट्टी किंवा निव्वळ आज्ञापालन.