रांगेत थांबणाऱ्यांचा न्याय



घरातील वडीलधारे माणूस एकच प्रश्न चार वेळा विचारू लागले की आपण म्हणतो, 'वय झाले आता.' कधी कधी तो अल्झायमरचा आरंभ असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण होय.

अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये लेकॅनेमॅब आणि जुलै २०२४ मध्ये डोनानेमॅब या नव्या औषधांना मान्यता मिळाली. मेंदूत साचलेले अमायलॉइड नावाचे प्रथिन ती कमी करतात. त्यांनी आजार बरा होत नाही, त्याची चाल मंदावते. लेकॅनेमॅबच्या १८ महिन्यांच्या चाचणीत ऱ्हासाचा वेग सुमारे २७ टक्क्यांनी कमी दिसला. मात्र ही औषधे आजाराच्या आरंभीच द्यायची असतात. त्याआधी तज्ज्ञाकडून निदान हवे, अमायलॉइडची तपासणी हवी. औषध सुरू झाल्यावर मेंदूला सूज किंवा रक्तस्राव नाही ना, हे पाहण्यासाठी पुन्हा पुन्हा एमआरआय हवा.

अमेरिकेतील रँड या संशोधन संस्थेने २०१७ सालीच हिशेब मांडला होता. असे औषध २०२० मध्ये आले, तर तज्ज्ञ अपुरे असल्याने त्या वर्षी सरासरी १८ महिन्यांहून अधिक थांबावे लागेल आणि २०४० पर्यंत २१ लाखांपर्यंत लोकांचा आजार थांबता थांबताच बळावेल.

येथे न्यायाचा प्रश्न उभा राहतो. रांग आपल्याला न्याय्य वाटते, कारण उशिरा का होईना, प्रत्येकाची पाळी येते. पण थांबण्यानेच जिथे पाळी हुकते, तिथे रांग न्याय्य कशी म्हणावी? पुढे जातो तो शहरात राहणारा, डॉक्टरांशी ओळख असलेला, ज्याची मुले रजा काढू शकतात असा. कुणी कुणाचे हिरावून घेत नाही, तरीही अन्याय होतो. बेथेसदाच्या तळ्याकाठी ३८ वर्षे आजारी असलेल्या माणसाचे दुःख हेच होते. पाणी हालले की त्याला आत सोडणारे कुणी नव्हते. दुसराच आधी उतरे.

कुणी म्हणेल, लाभ लहान आणि खर्च अफाट, मग एवढी तयारी कशाला? हा प्रश्न रास्त आहे. इंग्लंडमध्ये ऑगस्ट २०२४ मध्ये लेकॅनेमॅबला परवाना मिळाला आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्यसेवेला सल्ला देणाऱ्या संस्थेने आपल्या मसुद्यात म्हटले, की खर्चाच्या मानाने लाभ फार थोडा आहे. सार्वजनिक पैसा सर्व रुग्णांचा असतो, हे आम्हांला मान्य आहे.

पण तयारी म्हणजे केवळ औषधाची खरेदी नव्हे. गावच्या डॉक्टरांना स्मृतीची साधी चाचणी करता येणे, तपासणी जवळ होणे, घरच्यांना सल्ला मिळणे, हीसुद्धा तयारीच. अमेरिकेत मे २०२५ मध्ये निदानाला मदत करणाऱ्या रक्ततपासणीला मान्यता मिळाली. अशा सोयींनी वाट सोपी होते. औषध मिळो न मिळो, वेळेवर निदान झालेला माणूस आपले निर्णय शुद्धीत असताना स्वतः घेऊ शकतो. आणि ज्यांची वेळ टळून गेली, त्यांच्या सेवेचा वाटाही याच तयारीत हवा. न्याय औषधाच्या बाटलीपाशी नव्हे, पहिल्याच पायरीवर करावा लागतो.

ती पायरी आपल्या घरातही आहे. 'वय झाले' असे म्हणून विषय संपवण्याआधी आपण त्यांना डॉक्टरांकडे नेऊया. शेजारी कुणी एकटे राहत असेल, तर त्यांच्यासोबतही जाऊया.