शेजाऱ्याने मोजलेल्या गाई



गेल्या महिन्यात सकाळची मिस्सा आटोपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एक भगिनी चर्चच्या पडवीत मला भेटली. (तिची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे.) "फादर, आम्ही मुंबईच्या बाजूला फ्लॅट बघितलाय," ती म्हणाली. "ह्या गावात आता नको वाटतं. पिशवीत काय आणलं, मुलगी किती वाजता घरी आली, नवऱ्याची नोकरी आहे की गेली, सगळ्यांकडे सगळा हिशोब असतो." मी नेहमीचे उत्तर दिले, की अगं, त्यामागे लोकांची माया असते. ती हसली आणि म्हणाली, "माया नाही फादर, मोजणी असते."

ती गेली, पण तो शब्द माझ्यापाशी राहिला. लहान गावात माणसाची मोजणी होते हे खरे आहे. पण मोजणी आणि माया ह्या एकमेकींच्या वैरिणीच असतात काय? त्यावर विचार करताना मला एका गावाची आठवण झाली. मी तिथे कधी गेलेलो नाही, फक्त त्याच्याविषयी वाचले आहे.

स्वित्झर्लंडच्या व्हॅले प्रांतात, ज्या खोऱ्यातून पर्यटक झरमॅटला जातात, त्या खोऱ्याच्या उभ्या उतारावर टोर्बेल नावाचे पाच-सहाशे वस्तीचे कॅथलिक गाव आहे. तिथल्या जमिनीच्या व्यवहारांचे कागद 1224 पासून उपलब्ध आहेत. रॉबर्ट नेटिंग नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने ह्या गावाचा अनेक वर्षे अभ्यास करून 1981 मध्ये पुस्तक लिहिले. पुढे एलिनॉर ऑस्ट्रॉम ह्या विदुषीने त्याचा आधार घेतला. 2009 साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारी ती पहिली स्त्री होय.

टोर्बेलमध्ये धान्याची शेते, भाजीचे वाफे, फळझाडे आणि हिवाळ्यासाठी गवत कापायची कुरणे ज्याची त्याची खाजगी असत. पण वर डोंगरमाथ्यावरची उन्हाळी चराई, जंगल आणि पडीक जमीन सगळ्या गावाची होती. आपल्या भाषेत सांगायचे तर गुरचरण. आता गुरचरणाचे काय होते हे आपण जाणतोच. ज्याला शक्य आहे तो दोन गाई जास्त सोडतो, त्याला बघून दुसरा चार सोडतो आणि शेवटी गवतही राहत नाही आणि गाईही राहत नाहीत. 1968 साली गॅरेट हार्डिन ह्या शास्त्रज्ञाने हाच सिद्धांत मांडला आणि तो जगभर गाजला. सेमिनरीत आम्हाला ॲरिस्टॉटल शिकवताना सरांनी तेच सांगितले होते. जे सगळ्यांचे असते, त्याची काळजी सर्वांत कमी घेतली जाते. त्या दिवशी वर्गाबाहेरचा नळ वाहत होता, त्यामुळे तो धडा माझ्या चांगलाच लक्षात राहिला.

पण टोर्बेलचे गवत शेकडो वर्षे टिकले. कसे? 1517 साली गावाने एक नियम केला. आपल्या घरच्या गवतावर हिवाळाभर जितक्या गाई जगवता येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यात डोंगरावर न्यायच्या. त्याहून एकही जास्त नाही. नियम मोडणाऱ्याला भरभक्कम दंड. दंड वसूल करणारा अधिकारी गावातलाच, आणि दंडातली अर्धी रक्कम त्याची, म्हणजे डोळे उघडे ठेवण्यात त्याचाही फायदा. गाई वर पोहोचल्या की लगेच मोजल्या जात. प्रत्येक घराला वर्षाकाठी किती चीज मिळणार हेसुद्धा त्या मोजणीवरच ठरे.

नियमातली शहाणीव बघा. किती गाई न्यायच्या ह्यावर वाद घालायची गरजच नाही. तुझे कोठार किती मोठे आहे, ते शेजाऱ्याला ठाऊक आहे. तिथे उन्हाळ्यासाठी बाहेरून गुरे विकत आणायची आणि उन्हाळा संपताच विकून टाकायची, ही हुशारी चालणार नाही, कारण खोऱ्यात गाय लपवता येत नाही. ज्या डोळ्यांना आपली भगिनी कंटाळली, त्याच डोळ्यांनी तो डोंगर हिरवा ठेवला.

हा नियम समतेचा नव्हता, हेही सांगितले पाहिजे. ज्याची कुरणे मोठी, त्याच्या गाई जास्त. पण लाकूडफाट्याची रीत वेगळी होती. गावाचे अधिकारी तोडायच्या झाडांवर खुणा करत, घरे मिळून गट करत, सगळे एकत्र झाडे तोडून लाकडाचे सारखे ढीग रचत, आणि मग चिठ्ठ्या टाकून ढीग वाटले जात. ढीग रचताना माझ्या वाट्याला कोणता येणार हे मला माहीत नसेल, तर मी प्रत्येक ढीग नीटच रचीन! न्याय कधी ऐपतीच्या प्रमाणात असतो, कधी सारख्या वाटणीचा असतो. ही फोड आम्ही पुस्तकात शिकलो. त्या शेतकऱ्यांनी चीज एका मापाने वाटले आणि सरपण दुसऱ्या मापाने.

मग मोजणी आणि चुगली ह्यांत फरक तो काय? मला वाटते, टोर्बेलच्या मोजणीत तीन गोष्टी होत्या. ती चारचौघांत होई. मोजणाऱ्याच्या गाईही मोजल्या जात. आणि फक्त गाई मोजल्या जात, म्हणजे जे सगळ्यांच्या डोंगरावर जाते तेवढेच. शेजारणीची मुलगी किती वाजता आली हा डोंगरावरचा विषय नव्हे. आपण नेमके उलटे करतो. दुसऱ्याच्या घरातले मोजतो आणि सगळ्यांचे जे आहे त्याकडे पाठ फिरवतो. आपल्या वाड्यांतली बावखले आठवा. एकेक करून ती बुजली तेव्हा कोणी मोजली? आणि बुजवणारे काही बाहेरून आले नव्हते.

टोर्बेल म्हणजे स्वर्ग, असे मात्र समजू नका. नेटिंग यांनी गावाचे दप्तर तपासले तेव्हा दिसले, की लोक उशिरा लग्ने करत, पुष्कळजण अविवाहित राहत, कित्येक गाव सोडून जात. डोंगराचा तोल राखला गेला, पण त्याची किंमत कोणीतरी एकट्याने दिली.

शिवाय त्या 1517 च्या नियमाआधीचा एक कागद आहे, 1 फेब्रुवारी 1483 चा. त्यात लिहिले आहे, की परक्या माणसाने टोर्बेलमध्ये जमीन विकत घेतली तरी त्याला डोंगरावर, चराईवर किंवा झाड तोडण्यावर हक्क मिळणार नाही. हक्क द्यायचा की नाही हे गाव ठरवणार. धर्मगुरू म्हणून माझी पहिली प्रतिक्रिया अशी होती, की हा ख्रिस्ती गावाला न शोभणारा कागद आहे. दुसऱ्यांदा वाचले तेव्हा इतके सोपे वाटले नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम आणि लोट यांच्या गुराख्यांचे भांडण लागले ते काही वाईट माणसे होती म्हणून नव्हे. जमीनच दोघांच्या कळपांना पुरत नव्हती. गवताला मर्यादा असते आणि दार सताड उघडे ठेवले तर आतल्या गरिबाचा घास आधी जातो. पण त्याच बायबलात मवाबी रूथ आहे. ती परकी, विधवा, आणि तरीही बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचायला कोणी तिला अडवले नाही. संत थॉमस अक्वायनस तर म्हणतात, की मालकी खाजगी असू द्या, कारण माणूस आपल्या वस्तूची नीट काळजी घेतो. पण तिचा उपयोग मात्र ती सगळ्यांची आहे असे मानूनच करावा, आणि गरजवंताला द्यायची तयारी ठेवावी.

म्हणजे भुकेल्याला दार बंद करता येत नाही, हे स्पष्ट आहे. पण जो भुकेला नाही, फक्त आपल्यात राहतो, आपल्याबरोबर उपवास करतो, सणाला आपल्या दारी येतो, त्याचे काय? किती वर्षांनी परका परका राहत नाही? 1483 चा कागद ह्याचे उत्तर देत नाही. ते गावावर सोडतो.

हे सगळे मी आज का लिहितो आहे, ते तुमच्यापैकी पुष्कळांनी ओळखले असेल. मागच्या पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत आपल्या दफनभूमीचा विषय निघाला. जागा खरोखरच कमी आहे. एका ज्येष्ठ सभासदांनी सुचवले, की आधी मूळ गावकऱ्यांच्या घराण्यांना कबरीची जागा राखून ठेवावी आणि उरलेली इतरांना द्यावी. कोणी विरोध केला नाही. मीही केला नाही. विषय पुढच्या सभेवर ढकलला आणि प्रार्थना करून सभा संपवली. सूचना करणारे वाईट मनाचे नाहीत, त्यांनी ह्या चर्चसाठी आयुष्य वेचले आहे. आणि भाड्याच्या खोलीत वीस वर्षे राहणारी, रोज पहाटेच्या मिस्सेला पहिल्या बाकावर दिसणारी जी कुटुंबे आहेत, त्यांचा त्या सभेत एकही माणूस नव्हता. त्यांना बोलवायचे कोणालाच सुचले नाही, मलाही नाही.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर हॉलमध्ये पुन्हा सभा आहे, आणि ह्या वेळी ती सर्वांसाठी खुली आहे. कबरींचे रजिस्टर मी टेबलावर ठेवीन. कोणत्या घराण्याच्या किती कबरी आहेत, त्यांतल्या किती कबरींवर गेल्या दहा वर्षांत एक फूलही आलेले नाही, ते आपण मोठ्याने वाचू. मोजणी चर्चच्या आवारात पुरलेल्या माझ्या आधीच्या धर्मगुरूंपासून सुरू करू.

आणि ती भगिनी परवा पुन्हा आली होती. फ्लॅटचा व्यवहार ठरला म्हणाली. निघताना वळून विचारले, "फादर, तिकडे राहायला गेलो तरी आईच्या शेजारी मला इथे जागा मिळेल ना?" मी तिलाही सभेचे आमंत्रण दिले आहे.

तुमचा,
फादर