मागे राहिलेलीची प्रार्थना

पांडुरंगा, ऐक. हे पैठणला गेले, नाथांच्या पालखीबरोबर चालत तुझ्याकडे निघालेत. मी फर्दापुरातच आहे. कपाशी खुरपणीला आली आहे, टी पॉइंटवरचं दुकान उघडावं लागतं, सासूबाईंना हात धरून उठवावं लागतं. म्हणून इथूनच बोलते. तू ऐकतोस.

यांचे पाय सांभाळ. टाचांना भेगा आहेत. रात्री पाठ टेकायला कोरडी जागा दे.

काल लेकानं मोबाइलवर एक तेलुगू सिनेमा लावून दिला. 1973 सालचा, ‘भक्त तुकाराम’. तुकोबा झालेत अक्किनेनी नागेश्वर राव आणि जिजाई अंजलीदेवी. शब्द एक कळला नाही, पण जिजाई कळली. नवरा तुझ्या नादी लागलेला आणि घरात चूल. त्यात काय कळायचं राहतं, देवा? लेकानं सांगितलं, संगीत आदिनारायण राव यांचं, म्हणजे अंजलीदेवींच्या यजमानांचंच. ती पडद्यावर बायकोचं सोसणं दाखवतेय आणि तिचा नवरा त्याला सूर देतोय. एकाच कामाला दोघांचे हात लागले. असं ज्यांना लाभतं, त्यांच्यावर तुझी कृपाच. थोडी माझ्याकडेही वळव.

माझ्या मनातली जिजाई मात्र प्रभातची, 1936 च्या ‘संत तुकाराम’मधली गौरी. दामले आणि फत्तेलाल यांचा तो सिनेमा पार व्हेनिसला जाऊन नावाजला गेला. त्यात ती आजारी पोराला ओढत देवळात आणते आणि हातात वहाण घेऊन तुझ्यासमोर उभी राहते. तुझ्यावर वहाण उगारणारी बाई! तिच्या घरात दाणा नव्हता, पोर तापलं होतं, भांडायला तुझ्याशिवाय होतं कोण? तू तिच्यावर कोपला नाहीस. भाकरी घेऊन ती भंडाऱ्याचा डोंगर चढत असताना पायात काटा मोडला, तो तूच काढलास, असं जुनी माणसं सांगतात. विठ्ठला, शिव्या देणारीचा पाय तू हातात घेतलास. तेवढ्यावर मी जगते.

तुझ्याशी खोटं बोलून कुठे जाऊ? मला तुझा हेवा वाटतो. तुझं नाव निघालं की यांचा चेहरा उजळतो. माझ्याशी बोलताना बियाणं, औषध, उधारी, एवढंच. बारा महिने मी यांच्या शेजारी असते आणि आषाढात हे ज्याच्यासाठी निघतात, तो तू. रात्री कवाडाला कडी घालताना हे मनात येतंच. येतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी अंघोळ करून तुझ्याच फोटोला बुक्का लावते. हे दोन्ही घे. दोन्ही माझंच आहे.

आमच्या अजिंठ्याच्या लेण्यांत, सोळा नंबरात, भिंतीवर एक बाई काढलीय. मान कलली आहे, डोळे मिटत आलेत, मागून दासीनं सावरलंय. सांगतात की ती सुंदरी, नंदाची बायको. नवरा भिक्षू झाल्याचं तिला कळलं, त्या घडीचं हे चित्र. दीड हजार वर्षं झाली, ती अजून सावरलेली नाही. माहेरचं कोणी आलं की मी लेणी दाखवायला नेते आणि तिथं माझा पाय अडतोच. नंद तर तरला. ज्यानं हे चित्र काढलं, त्यानं रंग तिच्यासाठी खर्च केले. त्या चिताऱ्याचं भलं कर, देवा, तो जिथं असेल तिथं.

आणि तुला वेगळं काय सांगू? तुझी रखुमाई रुसून दिंडीरवनात येऊन बसली, तेव्हा तिच्यामागे तूच आलास. द्वारका सोडून आलास. आजही पंढरपुरात तिचं देऊळ वेगळं आहे. घरातली रुसली म्हणजे काय होतं, ते तुला ठाऊक आहे. म्हणून तर तुझ्याशी बोलता येतं.

तुझे उपकार मोठे आहेत. पोरगं शिकतंय. वाघूरला पाणी आलंय. पावसातही चार पर्यटक गारगोटीचे दगड बघायला थांबतात आणि एखादा विकला जातो. सासूबाई काल स्वतःच्या हातानं जेवल्या. मी लहान बाई, माझ्या ओंजळीत याहून जास्त मावत नाही.

आता मागते. कपाशीला उघडीप दे, मग पाऊस दे. यांना सुखरूप आण. चंद्रभागेत उभे राहतील, तेव्हा यांच्या मनात क्षणभर माझं नाव घाल. आणि विठ्ठला, कळसाला हात जोडून ते परत फिरतील, तेव्हा तूही त्यांच्यासोबत फर्दापूरला ये. मला तिकडे येणं होत नाही.