शून्यातली समता

वैशाखात भर दुपारी अकोल्याच्या एक एकर मोकळ्या रानावर जे ऊन पडते, ते जमिनीला नुसते तापवत नाही, ढकलतेही. हिशेब मांडला तर हा सगळा रेटा जेमतेम दीड ग्रॅम वजनाइतका भरतो. एका बोंडातला कापूससुद्धा त्याहून जड! पण निसर्ग एवढाही खर्च बुडू देत नाही. प्रकाशाने गमावलेला संवेग मातीच्या खात्यावर जमा होतो. एमी नोएथर या जर्मन विदुषीने 1918 साली दाखवून दिले की, निसर्गनियमांतील प्रत्येक अखंड सममितीपोटी एक राशी अक्षय राहते. अकोल्याला लागू असलेला नियम अमरावतीलाही तसाच लागू, एवढ्या साध्या समतेतून संवेगाची ही अक्षयता निघते.

प्रकाशापाशी याहून नवलाची एक समता आहे. मॅक्सवेलच्या समीकरणांत, निर्वात पोकळीपुरते, विद्युत्क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांची (एका चिन्हाचा फरक करून) अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही. कोण थोरला, कोण धाकटा, हा प्रश्नच नाही. त्यामुळे उजव्या वळणाचा प्रकाश आणि डाव्या वळणाचा प्रकाश यांतले अंतरही तिथे कायम राहते.

मात्र पोकळीत पदार्थ आला की ही समता मोडते. विद्युत्भार सुटा सापडतो; चुंबक कितीही तोडा, प्रत्येक तुकड्याला दोन्ही ध्रुव असतातच. सुटा चुंबकीय भार आजवर कोणाला सापडलेला नाही. संवेगाचा हिशेब माती धरली की जुळत होता. इथे पदार्थ हिशेबात घेतला की पंक्तिप्रपंच सुरू होतो.

आपल्या अद्वैताचे असेच झाले नाही का? परमार्थात आत्मा एक, व्यवहारात पाणवठे वेगळे. 1927 साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून चळवळ उभी राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात तिथे डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. मागणी होती ती ब्रह्मातल्या समतेची नव्हे. ती तर पोथीत होतीच. मागणी दगडी उंबरठ्यावरच्या समतेची होती.

दृष्टान्त इथवरच. विद्युत्भाराला आपला पक्षपात सोडता येत नाही, त्याला आपण दोषही देत नाही. दार अडवून उभ्या राहणाऱ्याला मात्र बाजूला सरता येत होते.